स्वाधारच्या भरवशावर खोली घेताय? या चुका टाळा

कॉलेजं सुरू झाली की आमच्या अभ्यासिकेत पोरं फाइल घेऊन येतात आणि दरवर्षी त्याच चुका दाखवतात. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. याच पैशावर मी शिकलो. म्हणून एका कागदापायी कुणाचं वर्ष अडलं की जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हे पैसे दरमहा येतील असं धरून घरमालकाला शब्द देणं. ते दरमहा येत नाहीत. हजेरी, निकाल, कागदांची तपासणी झाल्यावरच येतात, कधी कधी वर्ष सरत आल्यावर. शिवाय हिशेब करून बघा. निवासाचे २०,००० दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला २,००० पडतात. पुण्यात पेठांमधली कॉट एवढ्यात मिळणं कठीण, डिपॉझिट तर वेगळंच. मी निदान चार महिन्यांचं भाडं घरून किंवा सुट्टीतल्या कामातून बाजूला ठेवायचो आणि स्वाधारचे पैसे आले की आधी ती उचल फेडायचो. अजूनही सगळ्यांना हेच सांगतो.

दुसरी चूक भाडेकराराची. तीन वर्षांपूर्वी चौघांनी मिळून एक खोली घेतली. करार एकाच्याच नावावर, तोही नोंदवलेला नाही, नुसता नोटरी केलेला. घाई होती, मालक म्हणाला ‘एवढं पुरे’, यांनी मान डोलावली. अर्ज भरल्यावर तिघांना त्रुटी निघाली : राहण्याचा पुरावा नाही. तोवर मालक गावी गेलेला आणि फोन उचलेना. रोज संध्याकाळी त्याच्या दाराशी जाऊन बसणारी ती पोरं मी पाहिली आहेत. दोघांची त्रुटी कशीबशी दूर झाली. तिसऱ्याने नाद सोडला आणि ते वर्ष रात्री कुरिअरच्या गोदामात काम करून काढलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारसुद्धा नोंदवावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, त्यावर मुद्रांक शुल्क. चौघांत वाटून घ्या, पण चौघांची नावं करारात येऊ द्या. मालक नोंदणीला तयार नसेल तर मी ती खोली घेत नाही, कितीही स्वस्त असो.

बँक खात्याची चूक तर दर दुसऱ्या अर्जात सापडते. आधार शेवटी ज्या खात्याला जोडलंत, अनुदान तिथेच जातं. अर्जासोबत पासबुक कोणतं दिलं याने फरक पडत नाही. एका मुलीने सिमकार्ड घेताना दुकानदाराने सांगितलं म्हणून एक नवं खातं उघडलं आणि विसरली. पैसे त्यात जाऊन पडले. इकडे ही गावच्या शाखेत चार महिने विचारत राहिली आणि भाड्यासाठी व्याजाने पैसे काढले. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, पाहायला पाच मिनिटं लागतात. अर्जाआधी पाहा, पैसे यायच्या सुमारास पुन्हा पाहा. केवायसी पूर्ण नसलेल्या छोट्या खात्यात ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

खानावळीच्या पावत्या महिन्याच्या महिन्याला घ्या. वर्षाअखेरीस एकदम लिहून मागू नका, ते खोटं दिसतं आणि असतंही. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. घर कॉलेजच्याच शहरात असेल तर अर्ज करू नका. ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पासवर्ड आणि ओटीपी देऊ नका. अर्ज अवघड नाही, फक्त एक पूर्ण दुपार शांतपणे बसावं लागतं आणि तेवढा धीर हल्ली कमी दिसतो.

अर्ज भरून झाला की पोर्टल विसरणारे खूप. त्रुटी कळवलेली असते आणि मुदत निघून जाते. मी दर सोमवारी सकाळी, तासाला जाण्याआधी, लॉगइन करून बघायचो.