नॅलोक्सोन वस्तीपर्यंत पोहोचवायचं तर

ओपिऑइडची, म्हणजे हेरॉइन, मॉर्फिनसारख्या अफूच्या जातीच्या पदार्थांची, मात्रा जास्त झाली की श्वास मंदावत थांबतो आणि हाताशी काही मिनिटंच उरतात. म्हणून नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा हा परिणाम उलटवणारं औषध, दवाखान्याच्या कपाटात असून भागत नाही.

औषध दुकान, निवारागृह, वाचनालय, व्यसनमुक्ती केंद्र यांना जोडून घ्या. पण सगळ्यांत आधी ओपिऑइड घेणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना. माणसं कुठे, कधी एकटी असतात हे त्यांनाच ठाऊक असतं.

औषध कोणाच्या परवानगीने येणार, साठा कोण मोजणार, मुदत कोण तपासणार, हे लेखी ठरवा. मुदतीचं काम हमखास कुणाच्याच नावावर नसतं.

किटमध्ये 4 मिलिग्रॅमचे नाकातले दोन स्प्रे, हातमोजे, श्वास देण्याचा मास्क आणि चित्रांचं कार्ड ठेवा. एका स्प्रेत एकच डोस असतो. चालतो का बघायला दाबला की वाया गेला. सरावाला रिकामा स्प्रे वापरा. किट कुलपात नको, उन्हात तापणाऱ्या गाडीतही नको.

प्रत्येकाकडून हे करून घ्या: मोठ्याने हाक, छातीच्या हाडावर मूठ घासणं, रुग्णवाहिकेला फोन, एका नाकपुडीत स्प्रे, तोंडाने श्वास देणं. 2-3 मिनिटांत फरक नसेल तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा आणि सोबत थांबा: नॅलोक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, ओपिऑइड मात्र शरीरात उरलेलं असू शकतं.

किट वापरलं गेलं की नाव न विचारता दुसरं द्या. नाव लिहून घ्यायला लागलात की लोक यायचे थांबतात.