कूलरचा गंजलेला नट आणि हातातला पाना

मार्च संपत आला की नागपुरात गच्च्यागच्च्यांवर खटपट सुरू होते. कूलर बाहेर निघतात. मग घरात असलेला एकुलता एक स्क्रू पाना (जबडा कमी-जास्त करता येतो तो) घेऊन कुणीतरी स्टँडच्या गंजलेल्या नटावर जोर काढतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. मीही हे केलंय. पाना सटकला, बोटांची सालटं पत्र्याला लागून निघाली आणि नट शेवटी ग्राइंडरनं कापावा लागला.

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कूलरच्या पत्र्यात करंट उतरून माणसं गेल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतातच. पान्याच्या दांड्यावरचं रबर हे पकडीसाठी असतं, शॉकपासून वाचवायला नाही. टाकीतलं पाणीही काढून टाका.

नंबर ओळखा. पान्यावरचा आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. बोल्टच्या जाडीशी त्याची गल्लत होते. ६ एमएमच्या बोल्टला साधारणपणे १० नंबरचा पाना लागतो, ८ च्या बोल्टला १३ चा. इतवारीत लोहाओळीत जाऊन "८ च्या बोल्टचा पाना द्या भाऊ" म्हटलं तर चांगला दुकानदार नीट समजून देतो, पण घाईत ८ नंबरचा पाना हाती पडू शकतो. त्यापेक्षा एक सुटा नट खिशात टाकून न्या. जुन्या सामानात इंचातले नटही निघतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की फिरतो.

मग पाना निवडा. माझा क्रम ठरलेला आहे: जाम नट सोडवायला रिंग पाना, कारण तो नटाला सगळीकडून धरतो. एकदा ढिला झाला की उघड्या तोंडाचा फिक्स पाना घ्या, त्यानं काम भरभर होतं. फिक्स पान्याचं तोंड दांड्याला थोडं तिरपं असतं. अडचणीच्या जागी दर वळशाला पाना उलटा करून लावला की नट थोडा थोडा फिरत जातो. नट खोल खाचेत असेल तर नटावर टोपीसारखा बसणारा गोटी पाना, षटकोनी खड्ड्याच्या स्क्रूला एलन की. दातेरी पाइप पाना फक्त पाइपसाठी. चकचकीत नळाला लावलात तर ओरखडे कायमचे.

स्क्रू पाना सगळ्यात शेवटी. वापरायचाच असेल तर जबडा नटावर घट्ट आवळा आणि पाना असा धरा की फिरवताना जोर न हलणाऱ्या जबड्यावर येईल. सरकणाऱ्या जबड्यावर जोर आला की तो उघडतो.

गंजलेला नट असा सोडवा. तारेच्या ब्रशनं आटे घासा, गंज सोडवणारं तेल सोडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. घाई नसेल तर रात्रभर राहू द्या. मग आधी किंचित घट्ट करून बघा, गंज तडकतो. त्यानंतर घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. पाना स्वतःकडे ओढायचा, पुढे ढकलायचा नाही. ढकलावाच लागला तर मूठ न आवळता तळहातानं, म्हणजे सटकला तरी बोटं वाचतात. शिडीवर असाल तर आणखी जपून, कारण नट अचानक सुटला की तोल जातो.

दांड्यात पाइप घालून लांबी वाढवू नका, साध्या पान्यावर हातोडी मारू नका. तोंड फाकलेला किंवा तडा गेलेला पाना सरळ भंगारात टाका. आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी पाना गच्चीवर उन्हात ठेवू नका, नंतर धरवत नाही.

उलट्या आट्यांचं लक्षात ठेवा: सायकलचं डावं पॅडल घड्याळाच्या दिशेनं सुटतं. नेहमीच्या दिशेनं जोर काढत बसाल तर ते आणखीच आवळत जाईल.

परत बसवताना आधी हातानं दोन-तीन आटे फिरवा. हातानं जात नसेल तर नट तिरका बसलाय, पाना लावून दामटू नका. आट्यांना थोडं ग्रीस लावा. पावसाळा संपल्यावर कूलर आत ठेवताना हेच नट परत खोलायचे आहेत.