केमोनंतर ताप आलाय? या चुका टाळा

कॅन्सरवरची केमो घेऊन आठवडा-दीड आठवडा झाल्यावर येणारा ताप नेहमीचा ताप नसतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी लढतात. त्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली असताना जंतुसंसर्ग झाला, तर काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. या तापावर चांगली औषधं आहेत आणि ती लागूही पडतात, फक्त ती वेळेत शिरेतून जायला हवीत. कोकणात गाडं अडतं ते नेमकं या वेळेवर.

‘गोळी घे नि नीज, सकाळी बघूया’

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. थर्मामीटर तोंडात धरून एकदा १०१ दिसला, किंवा १००.४ तासभर टिकून राहिला, की दवाखान्यात निघायचं, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. काखेत मोजलेला ताप तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी दिसतो, हेही ध्यानात ठेवा. न मोजता पॅरासिटामॉल घेतली की आकडा उतरतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि जंतू मात्र रक्तात वाढत राहतात. उलटी होऊ नये म्हणून केमोसोबत स्टिरॉइड दिलेलं असेल तर तेही ताप दाबून ठेवतं. म्हणून ताप नसतानाही हुडहुडी भरली, माणूस असंबद्ध बोलायला लागला, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तरी थांबू नका. वयस्क माणसांत अनेकदा एवढीच लक्षणं दिसतात.

पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. लावणीच्या दिवसांत आपल्याकडे ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू नाहीतर लेप्टो असं समीकरण डोक्यात बसलेलं असतं. त्या तपासण्या जरूर करा, पण त्यांच्या रिपोर्टसाठी अँटिबायोटिक अडवून ठेवू नका.

जखमेत पू दिसत नाही म्हणून बिनधास्त राहणं हीसुद्धा चूक. पू मुख्यतः याच पांढऱ्या पेशींचा बनतो. पेशीच नसतील तर पू कुठून होणार? बांगडा साफ करताना बोटात काटा गेला, तर एरवी बोट ठणकून सुजतं, पिकतं. काउंट (पांढऱ्या पेशींचा आकडा) पडलेला असताना त्याच जागी फिकट तांबूस ठिपका दिसतो आणि किंचित दुखतं. सलाईनच्या जागेचं किंवा पोर्टच्या (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीच्या) सुईभोवतालचंही तसंच. म्हणून मासळी साफ करणं, गोठा काढणं, अनवाणी चिखलात उतरणं ही कामं त्या दिवसांत दुसऱ्या कुणाकडे सोपवा.

थेट मुंबईची गाडी पकडणं

केमो परळला टाटात झालेली असते, तिथल्या डॉक्टरांवर भरवसा असतो, म्हणून ताप आल्यावर मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंतची माणसं आधी मुंबईची गाडी शोधतात. भरवसा योग्यच आहे, पण रस्त्यात जाणारे तास पेशंटचे असतात. दवाखान्यात पोचल्यापासून एका तासाच्या आत अँटिबायोटिकचा पहिला डोस जायला हवा, असं जगभरातल्या कॅन्सर डॉक्टरांचे नियम सांगतात. परशुराम घाटात दरड आली किंवा महामार्गावर वाहतूक खोळंबली तर हा हिशेब कुठल्या कुठे जातो. आधी जवळचं असं रुग्णालय गाठा जिथे रक्त तपासता येतं आणि शिरेतून औषध देता येतं: रत्नागिरीचं सिव्हिल, डेरवणचं वालावलकर रुग्णालय, ओरोसचं सिंधुदुर्ग जिल्हा रुग्णालय, सीमेजवळ राहत असाल तर गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज. पहिला डोस गेला, रक्तदाब सावरला, की मग १०८ ने पुढे कुठे न्यायचं ते मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरवा.

हे जवळचं ठिकाण ताप यायच्या आधी, केमोच्या दिवशीच विचारून ठेवा. एका कागदावर औषधांची नावं, केमोची तारीख, शेवटचा सीबीसी (रक्तपेशी मोजणारा रिपोर्ट), कशाची ॲलर्जी आणि डॉक्टरांचा नंबर लिहून तो कागद फाइलच्या वरच ठेवा. कॅज्युअल्टीत पोचल्यावर ओपीडीच्या रांगेत खोकणाऱ्यांच्या मध्ये बसू नका. पहिलं वाक्य हेच बोला: ‘पेशंट केमोवर आहे, ताप आहे, काउंट पडलेला असू शकतो.’

वाटेत कुणाकडून ताप उतरवायचं इंजेक्शन कमरेत टोचून घेऊ नका. पांढऱ्या पेशींसोबत रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेटही कमी झालेल्या असू शकतात आणि मग स्नायूत रक्त साकळतं. लहान मुलांच्या गुदद्वारात थर्मामीटर किंवा तापाची सपोझिटरी घालू नका, मोठ्यांना बद्धकोष्ठासाठी एनिमाही नको. तिथली त्वचा नाजूक असते, तिला चीर गेली की जंतू थेट रक्तात शिरतात.

रिपोर्टमधला चुकीचा आकडा वाचणं

‘काउंट १८०० आहे, बरा आहे की!’ हे वाक्य वॉर्डात नेहमी ऐकू येतं. तो टोटल काउंट झाला. न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर १८०० चे २० टक्के म्हणजे ३६०, म्हणजे धोक्याच्या पातळीखाली. हा हिशेब घरच्या एकाने तरी शिकून घ्यावा.

भरती झाल्यावर

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त घेतात, बहुधा दोन ठिकाणांहून. ‘एवढं रक्त कशाला, आधीच अशक्तपणा आहे’ म्हणून अडवू नका. कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध चालेल, हे त्यावरूनच कळतं.

काहींना गोळ्यांवर घरी पाठवतात, मग आम्हालाच का ठेवलं, असा राग येतो. घरी पाठवायला पेशंटची प्रकृती स्थिर लागते, सोबत जाणतं माणूस लागतं आणि घर दवाखान्यापासून तासाभराच्या आत लागतं. आपल्या कितीतरी वाड्यांवरून पावसाच्या रात्री एका तासात रुग्णालय गाठता येत नाही, त्यामुळे इथे डॉक्टर भरती करून घेतात ते बरोबरच करतात.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला की ‘आता सोडा’ सुरू होतं. गाठीच्या कॅन्सरमध्ये ताप उतरायला साधारण दोन दिवस लागतात, रक्ताच्या कॅन्सरमध्ये पाचेक दिवस. ताप गेला तरी पेशी वर येईपर्यंत डॉक्टर अनेकदा औषध चालू ठेवतात. गणपती तोंडावर आले असतील तर ही घाई फार वाढते. चाकरमानी घरी आलेत, गौरीचं करायचंय, सगळं खरं आहे. पण अर्धवट उपचारावर माणसांनी भरलेल्या घरात पेशंट नेऊ नका.

तेच नातेवाईक वॉर्डात भेटायला येतात, तेही टाळा. सोबतीला एकच माणूस असावा, त्याला सर्दी-खोकला नसावा आणि पेशंटला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी त्याने हात धुवावेत. खाण्याच्या बाबतीत ताजं शिजवलेलं, गरम वाढलेलं आणि उकळलेलं पाणी पुरे. कच्चे कालव नकोत, गाडीवरची कापलेली फळंही नकोत. घरी नीट धुऊन सोललेलं केळं किंवा आंबा बंद करायची गरज नसते. तोंड आलं असेल तर मऊ ब्रश वापरा आणि मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. मिश्री पूर्ण बंद. काढा, गुळवेल, पपईच्या पानांचा रस चालू असेल तर न लपवता सिस्टरांना सांगा.

डिस्चार्ज कार्ड घेऊन पुढच्या केमोआधी ते आपल्या कॅन्सर डॉक्टरांना दाखवा. ताप येऊन भरती व्हावं लागलं हे कळलं, तर ते डोस कमी करू शकतात किंवा केमोनंतर दुसऱ्या दिवसापासून पेशी वाढवणारं इंजेक्शन सुरू करू शकतात. जवळच्या आरोग्य केंद्रात ते देण्याची सोय होईल का, आणि फ्रिजमधलं ते औषध बर्फाच्या डब्यातून गावापर्यंत कसं न्यायचं, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.