ख्रिस्ती भविष्यवाणीवर थरारकथा लिहिताना या चुका टाळा

जुने गोवे, मध्यरात्र, संत ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याखालचे तळघर, तिथे कोणा पोर्तुगीज पाद्र्याने दडवलेली पोथी, पोथीत ६६६ हा आकडा आणि ती उघडताच जगभर सुरू झालेला विनाश. गोव्यातील नवोदित मराठी लेखकांनी वाचायला दिलेल्या कथांमध्ये हा आरंभ मला वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा भेटला आहे. त्यामागचा उत्साह खरा असतो, भाषाही बहुधा चांगली असते, पण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात कथा अडते आणि लेखक विचारतो की पुढे काय करावे. माझ्या अनुभवात अडण्याचे कारण बहुतेक वेळा एकच निघते. ज्या ग्रंथावर कथा उभी केली तो ग्रंथ लेखकाने वाचलेला नसतो आणि ज्या शेजाऱ्याच्या श्रद्धेवर ती उभी केली त्याला कधी काही विचारलेले नसते. बायबलच्या नव्या करारातले शेवटचे पुस्तक ‘प्रकटीकरण’ अवघ्या २२ अध्यायांचे आहे आणि मराठीत ते एका दुपारी वाचून होते. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी त्या एका दुपारीच टळतात.

गुप्त पोथीची चूक

प्रकटीकरण हे मुळात गुपित नाही. पात्म बेटावर असलेल्या योहानाने आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना, म्हणजे इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया येथील ख्रिस्ती लोकांना, सभेत मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी पाठवलेले ते पत्र आहे. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ सम्राट दोमितियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, इसवी सन ९५च्या सुमारास मानतात. दानीएलाच्या पुस्तकात शेवटी ‘हे शब्द बंद करून ठेव’ अशी आज्ञा आहे, तर प्रकटीकरणाच्या २२व्या अध्यायात नेमके उलट, म्हणजे हे शब्द शिक्का मारून बंद करू नकोस, असे सांगितले आहे. म्हणून ‘जगापासून लपवलेली भविष्यवाणी’ ही कल्पना मूळ ग्रंथाच्याच विरोधात जाते आणि जाणकार वाचक पहिल्या पानावरच कथेवरचा विश्वास गमावतो.

यावर उपाय असा की रहस्य मजकुरात ठेवू नये, ते अर्थ लावणाऱ्या माणसांत ठेवावे. त्यासाठी आपल्याजवळ एक खरे आणि फार कमी वापरलेले प्रकरण आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना लिस्बनला भूकंप झाला, त्यामागून समुद्र आत आला आणि शहराला आग लागली. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातील गाब्रिएल मालाग्रिदा या धर्मोपदेशकाने हा देवाचा कोप असल्याचे प्रतिपादन करणारी पुस्तिका लिहिली. पंतप्रधान पोंबालला नैसर्गिक कारणांची भाषा हवी होती, त्यामुळे तो त्याच्यावर उलटला. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या सर्व मुलखांतून, म्हणजे गोव्यातूनही, जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि १७६१ मध्ये मालाग्रिदाला देहदंड देण्यात आला. ही बातमी गलबतातून मांडवीत पोहोचते, तेव्हा एकाच संकटाचे दोन अर्थ लावणारी दोन माणसे एकाच मठात राहत आहेत, अशी कल्पना करून पाहावी. तळघर खणण्याची गरजच उरत नाही.

शेवट कोणाचा, हे न ठरवणे

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे आणि मीही ती केलेली आहे. माझ्या पहिल्या कथेत साष्टीतील एका गावात पहाटे सगळे भाविक एकाएकी नाहीसे होतात, कपडे तेवढे जागेवर पडून राहतात, असे दृश्य होते. शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने, ज्या रोज मिसाला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, जात, ती कथा शांतपणे वाचली आणि एवढेच विचारले, “हें तुवें खंयच्या मिसाक आयकलें?” मी ते कुठल्याच मिसाला ऐकले नव्हते, परदेशी चित्रपटांत पाहिले होते.

संकटकाळ सुरू होण्याआधी विश्वासू माणसे अचानक वर उचलली जातील, ही शिकवण १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने मांडली आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपायुक्त बायबलमुळे ती विशेषतः अमेरिकेत घराघरांत पोहोचली. तिचा आधार थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील चौथ्या अध्यायात आहे. प्रकटीकरणात असे दृश्य ठळकपणे कुठेही येत नाही. कॅथलिक चर्च ही शिकवण देत नाही. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार ख्रिस्ताच्या पुनरागमनापूर्वी चर्चलाच एका अंतिम परीक्षेतून जावे लागणार आहे, आणि इतिहासाच्या आतच हजार वर्षांचे राज्य उभे करण्याची कल्पनाही तो नाकारतो. प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायातील हजार वर्षे प्रतीकात्मक मानण्याची वाट संत ऑगस्टीननेच पाचव्या शतकात घालून दिली होती. ज्याच्या नावाच्या मनोऱ्याखाली आपण तळघर कल्पितो, त्याचे हे मत आपल्याला ठाऊक नसावे, याची खंत वाटते.

याचा अर्थ गोव्यातील कथेत ती शिकवण आणूच नये असा नाही. नव्या प्रार्थनागटात जाऊ लागलेला मुलगा ‘आपण उचलले जाणार’ असे मानतो आणि इगर्जीत आयुष्य घालवलेली आई ‘आपल्याला सोसावे लागणार’ असे मानते, हा संघर्ष खरा आहे आणि तो कथेला शेवटपर्यंत पेलू शकतो. प्रत्येक पात्र कोणत्या पंथाचे आहे आणि अंतकाळाविषयी नेमके काय मानते, हे लेखनाआधी एका कागदावर लिहून काढावे. पोप हाच ख्रिस्तविरोधक, ही धर्मसुधारणेच्या काळातील प्रोटेस्टंट वादाची भाषा आहे, ती गावच्या फादरच्या तोंडी घातली तर पात्र तिथेच कोसळते.

जगबुडी, प्रलय आणि देवचार

मराठीत लिहिताना शब्द आपल्याला नकळत दुसऱ्या पुराणात नेतात. ‘जगबुडी’ हा शब्द हाताशी असतो, पण उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात देवाने नोहाला वचन दिले आहे की पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश होणार नाही, आणि पेत्राचे दुसरे पत्र अंताविषयी अग्नीची भाषा करते. त्यामुळे ख्रिस्ती पात्र अंतकाळाला जगबुडी म्हणते तेव्हा ते स्वतःच्याच धर्मग्रंथाचे अज्ञान दाखवते. ‘प्रलय’ शब्दामागे सृष्टी लय पावून पुन्हा उत्पन्न होण्याचे चक्र आहे, तर प्रकटीकरणातला काळ एकाच दिशेने जातो आणि नव्या आकाशापाशी, नव्या पृथ्वीपाशी थांबतो. १९व्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार पाहून कल्कीची आठवण होणे स्वाभाविक आहे, मीही तिथे थांबलो होतो. पण तो कल्कीच आहे असे कथेने ठरवून टाकले की दोन्ही परंपरांचे वेगळेपण पुसले जाते. अशी तुलना एखाद्या पात्राला करू द्यावी आणि दुसऱ्याला ती खोडू द्यावी.

गोव्यात सर्वांत जपून वापरावा असा शब्द ‘देवचार’ हा आहे. ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. हिंदू घरांत मात्र तो गावाचा राखणदार आहे, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवणारा, ज्याला रोट, विडी आणि दारू ठेवली जाते. एकाच गावात, एकाच शब्दाने दोन शेजारी इतक्या दूरच्या गोष्टी सांगतात. ही विसंगती विसरून प्रकटीकरणातल्या श्वापदाला ‘देवचार’ म्हणणारी कथा अर्ध्या वाचकांना दुखावते. तीच विसंगती ध्यानात ठेवून लिहिली तर ती गोव्यावाचून कुठेच घडू शकली नसती अशी कथा होते.

शब्दांसाठी इंग्रजीकडे पाहण्याचीही गरज नाही. मराठी बायबलात श्वापद, कोकरा, शिक्के, कर्णे, क्रोधाच्या वाट्या, ख्रिस्तविरोधक हे सारे शब्द आहेत. त्याहून मागे जायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, म्हणजे ख्रिस्ती कथा मराठीत सांगण्याची परंपरा याच भूमीत चारशे वर्षांहून जुनी आहे. ग्रीक ‘अपोकॅलिप्सिस’चा अर्थही विनाश नसून आवरण दूर होणे हा आहे आणि ‘प्रकटीकरण’ तो अचूक सांगतो.

तपशिलाच्या काही चुका

‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही, तो योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात येतो. प्रकटीकरणात श्वापदे आहेत, एक समुद्रातून वर येणारे आणि एक भूमीतून. चार घोडेस्वारांपैकी नाव फक्त चौथ्याला दिले आहे आणि ते मृत्यू हे आहे. पहिल्या पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराला रोगराई म्हणण्याची पद्धत नंतरची आहे, मजकुरात त्याच्या हाती धनुष्य आणि डोक्यावर मुकुट आहे. हर्मगिदोन हे अंतिम युद्धाच्या जागेचे नाव १६व्या अध्यायात एकदाच येते. श्वापदाचा आकडा म्हणून ६६६ऐवजी ६१६ देणारी प्राचीन हस्तलिखितेही आहेत आणि ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्यांची बेरीज केली तर लेखनभेदानुसार दोन्ही आकडे निघतात, असा अनेक अभ्यासकांचा उलगडा आहे. कथेत हा आकडा वापरायचा असेल तर ही बेरीज पात्राला वाचकासमोर करू द्यावी, कारण चमकणाऱ्या आकड्यापेक्षा ती अधिक उत्कंठा निर्माण करते.

आजची बातमी आणि उद्याची तारीख

प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात ‘कडूदवणा’ नावाचा तारा पडून पाणी कडू होते. १९८६ साली चेर्नोबिलची दुर्घटना घडली आणि त्या गावाचे नाव दवण्याच्या कुळातील वनस्पतीवरून आले आहे हे कळताच, भविष्यवाणी पूर्ण झाली असे अनेकांना वाटले. अशी जुळणी पात्रांनी करावी, निवेदकाने करू नये, कारण निवेदकाने ती केली की दहा वर्षांत पुस्तक शिळे होते. श्वापदाच्या अनुयायांवरची खूण म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बारकोड, शरीरात बसवलेली चकती, ओळखपत्र या ‘खुणां’चेही तसेच आहे. मजकुरात खूण यंत्राविषयी नसून उपासनेविषयी आहे, आणि तिच्यासमोर १,४४,००० जणांच्या कपाळावरचा देवाचा शिक्का आहे. निवड कोणाची करायची, हा तिथला पेच आहे.

तारीख जाहीर करणेही टाळावे. त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी कोणालाही ठाऊक नाही, हे मत्तयाच्या २४व्या अध्यायात येशूचेच वचन आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ची रात्र जागून काढली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सूर्य उगवला. त्या सकाळचे वर्णन कोणत्याही उल्कापातापेक्षा अवघड आहे आणि मला ते वाचायला अधिक आवडेल.

कथा मध्येच अडली तर

सारे आधीच लिहून ठेवलेले आहे, मग नायक काय करणार, हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्यावर नायकाकडून अंतच टाळवणे हा उपाय बहुतेक जण योजतात आणि तिथेच श्रद्धेचा गाभा हातातून निसटतो. ख्रिस्ती माणूस अंतकाळाला केवळ भीत नाही, तो त्याची वाट पाहतो. प्रकटीकरणाच्या शेवटी ‘ये, प्रभू येशू’ अशी विनवणी आहे. मग नायकाने नेमके काय रोखायचे? जगाचा शेवट होईल का, हा ताण सोडून द्यावा आणि दबावाखाली कोण डगमगेल, कोण शेजाऱ्याला विकेल, कोण त्याला आसरा देईल, हा ताण धरावा. योहानाच्या मंडळ्यांपुढे हाच प्रश्न होता.

दृश्ये हवी असतील तर १८वा अध्याय उघडावा. महानगरी जळते आहे आणि तारवांचे कप्तान व व्यापारी दूर उभे राहून रडत आहेत, आपला माल आता कोण घेईल म्हणून. त्या मालाची यादी दिली आहे आणि तीत सोने, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, घोडे येतात आणि अगदी शेवटी माणसे. एके काळी घोडे, मसाले आणि गुलाम यांचा बाजार जिथे भरत असे, त्या जुन्या गोव्याच्या धक्क्यावर ही यादी मोठ्याने वाचून पाहावी. रोगराईने ती नगरी रिकामी होत गेली, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, १८४२ मध्ये ऑगस्टीनच्या चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग पडला.

काळ निवडताना नोव्हेंबरचा शेवट पाहावा. पूजाविधीच्या वर्षातील शेवटच्या आठवड्यांत मिसामध्ये दानीएल आणि प्रकटीकरण यांतील वाचने येतात आणि त्याच सुमारास, २४ नोव्हेंबरला, जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते. पहाटे चालत आलेली माणसे, मेणबत्त्यांची दुकाने, ध्वनिवर्धकावरची वाचने हे सारे त्या दिवसांत आयतेच तिथे असते. आठव्या अध्यायात सातवा शिक्का फुटतो तेव्हा स्वर्गात सुमारे अर्धा तास निःशब्दता पसरते आणि त्यानंतरच कर्णे हाती घेतले जातात. वाचलेल्या एकाही हस्तलिखितात मला तो अर्धा तास सापडलेला नाही. तो नोव्हेनाच्या त्या गर्दीत घडवावा, ध्वनिवर्धक बंद पडल्यावर, आणि किमान चार पाने तरी त्याला द्यावीत.