मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग कसा आखला गेला, हे कागदांतून कसे शोधावे

सगळे ९४.५ किलोमीटर एकदम हाती घेऊ नका. पनवेल, खालापूर किंवा मावळ तालुक्यातले एकच गाव निवडा.

आधी काळाची चौकट पक्की करा. १९९० मध्ये व्यवहार्यता अभ्यास राइट्स ही केंद्र सरकारची सल्लागार कंपनी आणि ब्रिटनची स्कॉट विल्सन कर्कपॅट्रिक ही कंपनी यांच्याकडे गेला आणि १९९४ मध्ये अहवाल आला. १९९७ मध्ये काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवले गेले, १९९८ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि २००२ मध्ये रस्ता पूर्ण खुला झाला. त्याआधी काही टप्पे सुरू झाले होते, त्यामुळे ‘उद्घाटन’ म्हणजे कोणत्या टप्प्याचे, हे दर वेळी तपासा.

मग लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची मोफत चित्रे घ्या. एक ठिपका जमिनीवरचे ३० मीटर दाखवतो, म्हणजे खोदकामाचा पट्टा दिसतो, पूल नाही. चित्र नोव्हेंबर-डिसेंबरचे निवडा. पावसाळ्यात ढग आड येतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये वाळलेले गवत व उघडी माती सारखीच तपकिरी दिसते.

खरा इतिहास सातबारा आणि फेरफारात (जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदीत) आहे. भूसंपादनाची नोंद असलेला फेरफार क्रमांक शोधा, त्यावरून निवाडा (भूसंपादनाचा व मोबदल्याचा आदेश) आणि भूमी अभिलेख कार्यालयातले कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातील बदलाची नोंद) मागा. बहुतेक जण इथेच अडकतात: जमिनींचे एकत्रीकरण (विखुरलेले तुकडे जोडून नवे गट पाडणे) झालेल्या गावात जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर वेगळे असतात. दोन्हींचा मेळ घातल्याशिवाय पुढे गेलात तर भलत्याच शेताचा इतिहास लिहाल.

घाटात जास्त सावध राहा. आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग एकाच वाटेने जातात, म्हणून तिथली एखादी संपादन-नोंद जुन्या रस्त्याचीही असू शकते. वर्ष पाहूनच ठरवा. हाच सामायिक तुकडा टाळण्यासाठी पुढे खोपोली–कुसगाव ‘मिसिंग लिंक’ आखली गेली.

न मिळालेले कागद माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये. ‘सर्व माहिती द्या’ असे लिहू नका. गाव, गट नंबर, वर्ष आणि ‘निवाड्याची प्रत’ असे नेमके लिहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.