परफ्यूम राहू द्या, आधी स्टेपनी उचला

पावसाळा लागला की ओळखीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच: "गाडीत कुबट वास येतोय, कुठलं परफ्यूम घेऊ?" कुठलंच घेऊ नका. कुबट वासात मोगरा मिसळला की कुबट मोगरा होतो, आणि तो जास्त डोकं उठवतो.

माझ्या मेहुण्याचं उदाहरण घ्या. हर्णैच्या लिलावात सुरमई आणि बांगडे घेतले, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून डिकीत ठेवले. ताम्हिणी चढेपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि खोक्याला गेलेल्या चिरेतून ते गळायला लागलं. घरी आल्यावर त्याने डिकीचं कार्पेट धुतलं, उन्हात टाकलं, विषय संपला. वास काही संपला नाही. मग डॅशबोर्डवर जेल, आरशाला लटकणारं झाड, सीटखाली कॉफीच्या बिया, कुणी सांगितलं म्हणून कापूर. एका डिटेलिंगवाल्याने ओझोन मारून पैसे घेतले, चार दिवस बरं वाटलं. दोन महिन्यांनी मी त्याला स्टेपनी बाहेर काढायला लावली. खाली दोन बोटं काळं पाणी, त्यात गंजलेला जॅक. वर्णन करत नाही, तुम्ही जेवत असाल. त्या खड्ड्याच्या तळाला रबरी बूच होतं, ते काढून पाणी सोडलं, भांड्यांच्या साबणाने दोनदा घासलं, डिकी दोन दिवस उघडी ठेवली. आठवड्यात वास गेला. ते झाड मात्र अजून आरशाला आहे.

दूध सांडलं तरी हेच. वरून पुसू नका, मॅट उचला आणि कार्पेटखालचा फोम दाबून बघा. मी गार पाण्याने टिपून घेतो, सुकल्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवतो आणि सकाळी व्हॅक्यूम. घाई असलेल्यांनी गाडीत दूध नेऊ नये.

आता माझ्या घरातलं रोजचं भांडण: एसी चालू असतानाच गाडी बंद करणं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसं डॅशबोर्डमागच्या कॉइलला सुटतं. गाडी बंद केली की ती ओली कॉइल अंधारात बुरशी धरते. एसी लावल्यावर पहिल्या मिनिटाला ओल्या मोज्यांचा वास येऊन नंतर कमी होत असेल, तर दोषी बहुधा तीच. मी घराआधीच्या सिग्नलपासून एसीचं बटण बंद करतो आणि पंखा तीन-चार मिनिटं चालू ठेवतो. मागून "उकडतंय" असा ओरडा होतो. होऊ दे.

केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी, बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पाच मिनिटांत निघतो. मी दर 10,000 किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलतो. कागदी फिल्टर धुऊन परत बसवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. एकदा तिथे उंदराचं घरटंही सापडलं होतं, वर शेंगदाण्याची टरफलं.

एसी चालू असताना शेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं होत असेल, तर कॉइलची ड्रेन नळी तुंबली असण्याची शक्यता आधी तपासा.

डांबरगोळ्या कपाटातसुद्धा मला आवडत नाहीत. बंद गाडीत, मुलांसोबत, अजिबात नकोत.

आणि ते रिसर्क्युलेशनचं, म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवणारं बटण. चार माणसं, काचा बंद आणि पुण्यापासून मुंबईपर्यंत तीच हवा. श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो, जांभया येतात, डोकं जड होतं आणि दोष मिसळीला जातो. भाताणच्या बोगद्यात किंवा धूर सोडणाऱ्या ट्रकमागे जरूर लावा, पण पुढे निघालात की बाहेरची हवा घ्या.

सीएनजीचा वास वेगळा. त्या वायूला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. तिथे सोडा-बिडा काही नाही. इंजिन बंद, दारं उघडी, सगळे खाली. दिवे, पंखा, लायटर, कशालाही हात लावू नका. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताशी असेल तर बंद करा, आणि मेकॅनिकला फोन गाडीपासून लांब जाऊन लावा.