प्रौढ वयात नृत्यवर्गात प्रवेश करताना पाळायचे शिष्टाचार

मोठेपणी नृत्य शिकायला येणाऱ्या बहुतेकांना धास्ती असते ती चारचौघांत चुकण्याची. वास्तविक नवशिक्याच्या चुकांनी वर्गाचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते आपण दुसऱ्याची जागा, वेळ किंवा लक्ष व्यापतो आहोत याचे भान सुटल्यामुळे. हे भान पहिल्या दिवसापासून ठेवता येते, त्यासाठी पाय तयार असावे लागत नाहीत.

वर्गाच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे, आपण नवीन असल्याचे शिक्षकांना सांगावे आणि गुडघ्याचे, घोट्याचे किंवा कंबरेचे जुने दुखणे असल्यास तेही तेव्हाच सांगून टाकावे. उशीर झालाच, तर दारापाशी थांबावे आणि चालू असलेला भाग संपल्यावर शिक्षकांनी खूण केली की मागच्या बाजूने आत यावे. अंग गरम न करता उड्या आणि गिरक्या घेतल्यास स्नायू दुखावण्याची भीती असते, म्हणून फार उशिरा येणाऱ्याला काही शिक्षक नुसते बसून पाहायला सांगतात. त्यात अपमान मानू नये.

कपडे असे असावेत की शिक्षकांना गुडघे आणि घोटे दिसतील. अंगठ्या, घड्याळ आणि लोंबती कर्णभूषणे काढून ठेवावीत. रस्त्यावरचे बूट घालून नृत्याच्या फरशीवर जाऊ नये, तसेच तळव्यांना तेल, लोशन किंवा पावडर लावून येऊ नये, कारण त्याने फरशी निसरडी होते आणि पडणारा मनुष्य बहुधा दुसराच असतो.

उभे कुठे राहावे, याचा विचार नवशिके फारसा करत नाहीत. संकोचामुळे ते कोपरा किंवा टोक धरतात, आणि नेमके तेच गैरसोयीचे ठरते. बॅलेच्या वर्गात भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला धरून केलेला व्यायाम नंतर दुसऱ्या बाजूने करायचा असतो. सर्वजण वळले की शेवटी उभा असलेला सर्वांत पुढे येतो आणि त्याला पाहायला समोर कोणीच उरत नाही. म्हणून दांड्याच्या मधोमध, दोन जाणत्यांच्या मध्ये उभे राहावे. वर्ग मधल्या मोकळ्या जागेत आला की दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत, पुढच्या दोघांच्या फटीतून आरसा दिसेल अशा जागी राहावे आणि हात पसरले तरी कोणाला लागणार नाहीत एवढे अंतर ठेवावे. कोपऱ्यातून तिरके जात नाचताना गट ठरावीक मात्रांनंतर एकामागून एक निघतात. अशा वेळी पावले विसरली तरी मध्येच थांबू नये, कारण मागून येणाऱ्यांचा वेग ठरलेला असतो. त्याच दिशेने चालत पलीकडे जावे आणि भिंतीच्या कडेने परतावे.

शिक्षकांनी एकाला सांगितलेली दुरुस्ती सर्वांनी आपल्या अंगावर तपासून पाहावी. ती आपल्यालाच सांगितली असेल, तर चूक का झाली याचे स्पष्टीकरण देत न बसता मान डोलवावी आणि लगेच करून पाहावे. सबबी सांगण्यात प्रौढ विद्यार्थी वर्गाचा बराच वेळ घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅलेच्या संज्ञा फ्रेंच आहेत; फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ साली पॅरिसमध्ये नृत्याची अकादमी स्थापन केली, त्या परंपरेत त्या रुळल्या. ‘प्लिए’ म्हणजे वाकलेले आणि ‘तांद्यू’ म्हणजे ताणलेले, एवढे अर्थ घरीच पाहून ठेवले, तर प्रत्येक शब्दाला वर्ग थांबवावा लागत नाही.

जोडीने करायच्या नृत्यांत जबाबदारी वाढते. साल्साच्या वर्गांत जोडीदार बहुधा दर थोड्या वेळाने बदलतात, तेव्हा प्रत्येकाशी नाव सांगून सुरुवात करावी आणि निरोप घेताना आभार मानावेत. टॉवेल आणि एक जादा सदरा जवळ ठेवावा, उग्र अत्तर टाळावे. साल्साच्या आठ मात्रांपैकी चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाऊल टाकायचे नसते, हे विसरू नये म्हणून मात्रा जरूर मोजाव्यात, पण मनातल्या मनात. जोडीदाराचा हात आवळू नये, त्याला ओढू नये आणि त्याच्या चुका तर मुळीच काढू नयेत. ते काम शिक्षकांचे आहे. जोडीदाराला मागे झुकवण्यासारखे, वर्गात न शिकवलेले प्रकार त्याच्यावर करून पाहू नयेत. एखादी पकड दुखत असेल किंवा स्पर्श नकोसा वाटत असेल, तर तसे सरळ सांगावे, आणि ऐकणाऱ्याने कारण न विचारता लगेच हात सोडावा.

फोन बंद करून पिशवीत ठेवावा. चित्रण करायचे असल्यास शिक्षकांची आणि चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाची परवानगी घ्यावी. लवकर निघायचे असेल, तर ते वर्ग सुरू होण्यापूर्वीच कळवावे. बॅलेच्या वर्गाचा शेवट शिक्षकांना आणि वादक असल्यास त्यालाही लवून केलेल्या अभिवादनाने होतो. त्यात नवशिक्यानेही सहभागी व्हावे, आणि स्वतःपुरत्या ज्या शंका उरल्या असतील त्या त्यानंतर शिक्षकांजवळ जाऊन विचाराव्यात.